शिकलगाराच्या घरातलं पोलाद

"टीचर, ये मेटलर्जी बोले तो क्या रहता?"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अभियांत्रिकी प्रवेशाची दुसरी फेरी लागली होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील संध्याकाळी तिला घेऊन घरी आले. मी मिरजेत उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, इंजिनीअरिंगशी माझा काही संबंध नाही. पण मोहल्ल्यात बी.एड. झालेली बाई म्हणजे रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत सगळ्या फॉर्मांची जाणकार, असा लोकांचा समज असतो. मुलीला सीईटीत चांगले गुण होते. सरकारी कॉलेजात जागा लागत होती, फक्त शाखा होती मेटलर्जी. आदल्या आठवड्यात एका मार्गदर्शन शिबिरात तिला कुणीतरी सांगितलं होतं की, मुलींनी भट्टीपुढे उभं राहून काय करायचंय, खासगी कॉलेजात कॉम्प्युटर घे. खासगीची फी त्यांना झेपणारी नव्हती. सरकारी कॉलेजातली शाखा त्यांना कळत नव्हती.

वडील शिकलगार. कुपवाडच्या एमआयडीसीत बफिंगच्या खात्यात काम करतात, म्हणजे कास्टिंगचे आणि स्टीलचे भाग चाकावर घासून चकचकीत करायचे. बोटांच्या पेरांत काळी पूड कायमची बसलेली. मी त्यांना म्हटलं, "भाई, आप जो करते ना, उसीका कॉलेज है ये." ते हसले. मी विनोद केला असंच त्यांना वाटलं.

विनोद नव्हता तो. पण त्या संध्याकाळी मला नीट समजावताही आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी शब्द. अरबीत 'सैकल' म्हणजे घासून लखलखीत करणं, आणि ते करणाराही. त्याला फारसीचा 'गर' लागला, सैकलगर झाला, आणि दखनेत येऊन शिकलगार. उर्दू शायरीत दिलाचा आरसा सैकल करण्याच्या गोष्टी शेकड्याने सापडतील. तलवारीचं पातं सैकल करणारा माणूस मात्र त्या शायरीत फार कमी दिसतो. 'पोलाद' हाही आपलाच शब्द, फारसी पूलाद-फौलादवरून आलेला. आणि 'जौहर'! चांगल्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसते तिला जौहर म्हणतात. ती वरून कोरलेली नसते. ती धातूच्या आतच असते, घासून आणि हिराकशीसारख्या क्षाराच्या पाण्यानं बाहेर काढावी लागते. ते काम शिकलगाराचं. म्हणजे पोलादाच्या पोटात काय आहे ते ज्याच्या हातांमुळे डोळ्यांना दिसायचं, तो हा माणूस.

ते पोलाद यायचं कुठून? अरबी भाषेत 'मुहन्नद' म्हणजे हिंदी, हिंदुस्थानी तलवार. नवव्या शतकात अल-किंदीनं खलिफा मुतसिमसाठी तलवारींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. अल-बैरूनीनंही आपल्या खनिजांवरच्या ग्रंथात पोलादाबद्दल लिहिलं. हे पोलाद दक्षिणेत बनायचं. लोखंडाचे तुकडे मातीच्या लहान मुशीत घालायचे, सोबत झाडाच्या काटक्या आणि पानं. म्हैसूरकडच्या पद्धतीत त्या काटक्या तरवडाच्या असायच्या. आपल्या माळावर पिवळ्या फुलांचा जो तरवड उगवतो, तोच. मूस लिंपून बंद करायची, भट्टीत तापवायची, मग सावकाश थंड होऊ द्यायची. काटक्यांमधला कार्बन लोखंडात उतरायचा. साध्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आत असतो, या वडीत साधारण दीड टक्का. कन्नडमधल्या 'उक्कु'वरून इंग्रजांनी त्याला 'वुट्झ' केलं.

त्याचं एक मोठं केंद्र होतं कोनासमुद्रम. आज ते तेलंगणात निजामाबादकडे आहे, तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्यात. १८२० च्या सुमारास सर्व्हे खात्यातला व्हॉयसी नावाचा डॉक्टर तिथे गेला आणि सगळी कृती लिहून ठेवली. ती १८३२ मध्ये छापली गेली. तिथे त्याला इस्फहानचा एक हाजी व्यापारी भेटला. तो खास हे पोलाद विकत घ्यायला एवढ्या लांबून आला होता. भट्टीवर तेलुगू बोलणारे लोहार, खरेदीला इराणी हाजी, आणि वर निजामाची सत्ता. व्हॉयसीच्या लेखाच्या जोरावर आज प्रबंध लिहिले जातात. त्या लोहारांची नावं कुणाला सांगता येत नाहीत.

हे वाचून माझ्यासारखीला लगेच वाटतं, बघा आमची दखन किती सर्वसमावेशक होती! जरा थांबायला हवं. आम्ही दरवर्षी नववीची सहल विजापूरला नेतो. मुलं मलिक-ए-मैदान तोफेवर थाप मारतात आणि ती घंटेसारखी वाजते का ते ऐकतात. ती वाजणारच, कारण तिचा धातू घंटेचाच आहे: सुमारे ऐंशी टक्के तांबं, वीस टक्के कथील. तोफ ओतली अहमदनगरला, १५४९ साली, मुहम्मद रूमी नावाच्या उस्तादानं. रूमी म्हणजे तुर्की मुलखातला. निजामशाहीनं त्याला बोलावलं, मान दिला, त्याचं नाव तोफेवर कोरलं. पण हे सगळं झालं कारण सुलतानाला तोफ हवी होती. त्या भट्टीपाशी राबलेल्या शंभर हातांपैकी एकाचंच नाव कोरलं गेलं. हुनराची कदर होती आणि हुनरवाल्याची उतरंडही होती. आपल्याकडे अशराफ घराण्यांनी शिकलगार, तांबट, मणियार, पिंजारी यांच्याशी कधी सोयरीक केली का, हा प्रश्न विचारून बघा. गप्प व्हायला होतं.

आता मुंबईकडे येऊ. १७९४ मध्ये मुंबईतल्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरानं या पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवल्या. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सननं त्यावर निबंध वाचला. त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटलंय की, हे पोलाद मुंबईत बनतं. मुंबईत बनत नव्हतं, मुंबईहून फक्त पार्सल गेलं होतं! मला ही चूक फार बोलकी वाटते. ज्या हातांनी पाठवलं ते दिसले, ज्या हातांनी बनवलं ते नाही.

लंडनच्या लोहारांनी ते नेहमीसारखं पांढऱ्या आचेवर तापवलं तर घणाखाली त्याचा चुरा व्हायचा. इतक्या कार्बनचं पोलाद कमी आचेवर, सबुरीनं ठोकावं लागतं. कोनासमुद्रमचा किंवा इस्फहानचा कुठलाही कारागीर हे एका वाक्यात सांगू शकला असता. पण त्याला विचारण्याची सोय नव्हती.

या वड्यांचं रहस्य शोधायला पुढे जो माणूस बसला तो मायकेल फॅरेडे. विजेचा फॅरेडे, दहावीच्या पुस्तकातला. तो लोहाराचा मुलगा होता. शाळा जेमतेम झालेली, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेली. हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची टिपणं बांधून त्यानं डेव्हीलाच पाठवली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. त्याच वर्षी डेव्ही त्याला युरोपच्या दौऱ्यावर घेऊन गेला, तेव्हा डेव्हीच्या बायकोनं त्याला नोकरासारखं वागवलं. वर्गभेदाची ही चव त्यानं घेतलेली होती. १८१८ च्या सुमारास त्यानं जेम्स स्टोडार्टबरोबर पोलादावर काम सुरू केलं. स्टोडार्ट प्राध्यापक नव्हता. तो सुऱ्या, वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर होता आणि आपल्या दुकानात वुट्झची हत्यारं विकायचा. पिअर्सनसाठी ते पोलाद ठोकून बघणाराही तोच. म्हणजे लोहाराचा पोर आणि सुरीवाला, या जोडीनं आधुनिक मिश्र पोलादांच्या अभ्यासाची पायवाट पाडली. फॅरेडेचा निष्कर्ष चुकला, हेही सांगून टाकते. त्याला वाटलं की या पोलादाची करामत अ‍ॅल्युमिनियममुळे आहे. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँनं थोड्याच वर्षांत दाखवलं की खरी गोष्ट कार्बनची. पण चांदी, प्लॅटिनम घालून पोलाद कसं बदलतं याचे जे प्रयोग त्या दोघांनी केले, ते टिकले.

लंडनमध्ये लोहाराच्या मुलासाठी दरवाजा उघडला गेला. फार मोठा नाही, एक माणूस आत जाईल एवढाच. पण उघडला. कोनासमुद्रमच्या लोहाराच्या मुलासाठी तसा दरवाजा कुणी केलाच नाही. त्याच्या वडीचं पृथक्करण रॉयल सोसायटीत झालं आणि थोड्याच दशकांत स्वस्त विलायती पोलादापुढे त्याची भट्टी विझली.

आणि शिकलगार? संस्थानांच्या फौजा आटल्या, पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. तलवारच नाही तर सैकल कशाची करायची? मिरजेत जे झालं ते संगीताच्या जाणकारांना माहीत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांचं आडनाव सतारमेकर झालं. आज जगभर तानपुरा म्हटलं की मिरजेचं नाव येतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाळवलेला भोपळा, लाकूड, तारा, आणि घोडीवर घासून घासून काढलेली जवारी. घासायचा हात तोच, फक्त पात्याऐवजी घोडी आली. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तानपुऱ्याच्या या वक्र घोडीवर निबंध लिहिला. तार कुठेही छेडली तरी तिच्यातून असे स्वर उमटतात जे प्रचलित नियमाप्रमाणे तिथे नसायला हवेत, हे त्यांनी दाखवलं. आमच्या शाळेपासून दहा मिनिटांवर ही गल्ली आहे. विज्ञानाच्या तासाला मुलांना आम्ही तिथे एकदाही नेलं नव्हतं.

आपल्याकडे या शास्त्राला धड नावही नाही. धातुशास्त्र म्हटलं तर काच, प्लास्टिक, चिनीमाती बाहेर राहतात. 'पदार्थविज्ञान' हा शब्द मराठीनं फिजिक्सला देऊन टाकला. मग उरतं मटेरियल सायन्स. दर १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, आमची मुलं कलामसाहेबांचं चित्र काढतात, मागे रॉकेट. पण अग्नीसाठी तयार झालेला हलका कार्बनचा पदार्थ हैदराबादच्या रुग्णालयातल्या पोलिओच्या मुलांच्या कॅलिपरला वापरला आणि तीन किलोचं ओझं तीनशे ग्रॅमवर आलं, ही गोष्ट कुणी काढत नाही. ती खरी मटेरियल सायन्सची गोष्ट. मोहल्ल्यातल्या कुठल्याही आईला पहिल्या वाक्यात समजेल अशी.

नावाचा प्रश्न निघाला की उस्मानिया आठवतं. १९१८ मध्ये हैदराबादला हे विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं, आणि वैद्यक-अभियांत्रिकीसुद्धा उर्दूत. त्याच्या आधीच दारुल तर्जुमा उघडून हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. उर्दूची शिक्षिका म्हणून मला याचा अभिमान वाटतो. पण त्याच राज्यात कोनासमुद्रमचा लोहार तेलुगू बोलत होता आणि परभणीचा शेतकरी मराठी. त्यांच्यासाठी ती उर्दू दुसरी इंग्रजीच होती. १९४८ नंतर ते सगळं संपलं. आज माझ्या विद्यार्थिनी दहावीपर्यंत 'फिल्झात' आणि 'भरत' शिकतात, आणि अकरावीत एका सकाळी तेच 'मेटल' आणि 'अलॉय' होऊन समोर येतं. पहिले सहा महिने त्यात जातात. हुशार पोरी गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या पोरीला मठ्ठ ठरवायला कॉलेजला वेळ लागत नाही.

किती जण आत पोचतात? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातले आकडे शिळे झाले तरी अजून टोचतात. तेव्हा सगळ्या आयआयटींत मिळून २७,१६१ विद्यार्थी होते. त्यांत मुस्लिम ८९४. देशाच्या लोकसंख्येत तेरा टक्क्यांवर आणि तिथे तीन टक्क्यांच्या जरा वर. महाराष्ट्रात २०१४ मध्ये मुस्लिमांतल्या मागास गटांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयानं शिक्षणापुरता तो रोखला नाही, तरी पुढे त्याचा कायदा झालाच नाही.

शिकलगारांचं नाव भटक्या जमातींच्या यादीत आहे, म्हणजे या मुलीला सवलत असायला हवी होती. पण वैधतेसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. तिच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी एकच शब्द लिहून ठेवलाय, 'मुसलमान'. धंदा शिकलगारी, आडनाव शिकलगार, गल्ली शिकलगारांची, आणि कागदावर नाही. अशी घरं आमच्याकडे कितीतरी आहेत. तो रकाना भरणाऱ्या मास्तरांचा राग येतो आणि मग आठवतं की मीही अशीच रजिस्टरं भरत आलेय. आता विचारून भरते. ती पोरगी खुल्या गटातून लढली.

आणि वर मुलगी. चेन्नईच्या गिंडी कॉलेजातून १९४० च्या दशकात पहिल्या मुली इंजिनीअर झाल्या, ए. ललिता त्यातली एक. पदवीपत्र पुरुषांसाठीच छापलेलं होतं, म्हणून 'तो' खोडून हातानं 'ती' लिहावं लागलं. आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा काढायला २०१८ उजाडलं. 'भट्टीपुढे मुलगी' म्हणणाऱ्यांना मी शारदा श्रीनिवासन यांचं नाव सांगते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या, भरतनाट्यम करणाऱ्या. तामिळनाडूत मेल-सिरुवलूर इथे त्यांनी या मुशीतल्या पोलादाची प्राचीन जागा शोधून काढली, आणि २००४ मध्ये एस. रंगनाथन यांच्याबरोबर वुट्झवर पुस्तक लिहिलं. ज्या राखेच्या ढिगाऱ्यांवर गावातली बकरी चरत असतील, त्यात मुशीची खापरं ओळखणारी नजर एका बाईची होती.

जौहरची ती नक्षी कशी येते, हे कोडं तर पार १९९० च्या दशकापर्यंत पुरलं. अमेरिकेत आयोवाचे प्राध्यापक जॉन व्हेरहोव्हन आणि फ्लोरिडाचा नालबंद-सुरीकार आल्फ्रेड पेन्ड्रे अनेक वर्षं एकत्र बसले. पेन्ड्रे भट्टीत वड्या बनवून ठोकायचा, व्हेरहोव्हन त्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की, धातुकातल्या व्हॅनेडियमसारख्या किंचित अशुद्धीमुळे कार्बाइडचे कण ओळीनं बसतात आणि त्यांच्याच त्या लाटा दिसतात. तसं धातुक संपलं की, कारागिराचा हात तोच असूनही, नक्षी उमटत नाही. त्या निबंधावर प्राध्यापकाच्या नावाबरोबर लोहाराचंही नाव आहे. पिअर्सनच्या निबंधानंतर दोनशे तीन वर्षांनी.

यातलं बरंचसं मी नंतर वाचलं. त्या संध्याकाळी मी वडिलांना एवढंच म्हटलं, "तिला जाऊ द्या. नाही जमलं तर मला बोला." ते काही बोलले नाहीत. चहा संपवून उठले. तीन दिवसांनी फी भरल्याची पावती दाखवायला मुलगी एकटीच आली. हॉस्टेलला पाठवण्यावरून घरात मोठं भांडण झालं होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं आणि तिच्या अम्मीकडून नंतर कळलं. अम्मीनं स्वतःच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत.

पहिलं वर्ष वाईट गेलं. गणिताचा एक विषय राहिला. वर्गात चारच मुली, आणि हिची इंग्रजी अडखळती. दोनदा फोनवर रडली. मी तिला काय सांगणार, मी फक्त ऐकलं.

या फेब्रुवारीत ती सुट्टीला आली होती. दुसऱ्या वर्षाला त्यांना धातूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकवतात. त्यासाठी आधी तो घासावा लागतो: खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी फिरत्या कापडावर आरशासारखा होईपर्यंत. मग त्यावर सौम्य आम्ल लावतात, आणि आतली रचना वर येते. तिच्या तुकड्यावरचे ओरखडे काही जात नव्हते. सरांनी तीन वेळा परत पाठवलं. तिनं मोबाइलवर फोटो काढून आणला होता, राखाडी पृष्ठभाग आणि त्यावर उभ्या रेघा. घरी अब्बांना सहज दाखवला.

अब्बांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला.

"एकही डायरेक्शन में घिस रही तू," ते म्हणाले. "पेपर बदला की हाथ भी बदलने का. आडा मारना. पहलेकी लकीर पूरी गई, तभी अगला पेपर लेना."

परत गेल्यावर तिनं तसं केलं. तुकडा पास झाला. सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? तिनं मला फोन केला तो हे विचारायला की, टीचर, सैकल हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा, जर्नलमध्ये घालायचाय.